माल तयार, बाजार बंद : एका मोटार कंपनीची हकीकत

मालेगाव-भिवंडीचा व्यापारी सूत देतो आणि मजुरीवर कापड विणून घेतो. कारखानदाराचे भांडवल अडकले की आपला मालही मागावरच अडकतो. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीवर हीच पाळी आली होती, म्हणून मोटार शर्यतीची ही हकीकत या पानावर देत आहोत.

कंपनीला ‘एम 1’ ही गाडी ग्रुप 4 च्या शर्यतीत उतरवायची होती. नियम असा की 24 महिन्यांत 400 गाड्या बनल्या पाहिजेत. काम दिले इटलीच्या लांबोर्गिनीला. तिचीच तिजोरी रिकामी! 1978 मध्ये सौदा मोडावा लागला. मग सांगाडा मोदेनात, बॉडीचे काम तुरिनमध्ये, जुळणी स्टुटगार्टला आणि अखेरचा हात म्युनिकला. कोरे कापड एका गावी आणि रंगाई दुसऱ्या गावी करणाऱ्यांना हा खर्च समजावून सांगायला नको. गाडी महागली, वेळही गेला. ज्या शर्यतीसाठी माल काढला तिचेच दार बंद राहिले.

तेव्हा कंपनीच्या शर्यत विभागाचे प्रमुख योखेन नीरपाश यांनी नवाच बाजार उभा केला. 1979 मध्ये ‘प्रोकार’ ही फक्त एम 1 गाड्यांची मालिका सुरू झाली. आठ शर्यती, त्याही युरोपातील फॉर्म्युला वनच्या जोडीला. गर्दी दुसऱ्याने जमवलेली, दुकान आपले. उरुसात पथारी मांडणाऱ्याला ही अक्कल उपजतच असते. फॉर्म्युला वनच्या शुक्रवारच्या सरावातील पाच वेगवान चालकांना पुढच्या जागा मिळत, मागे खासगी चालक. सर्वांची गाडी एकच, सुमारे 470 अश्वशक्तीची. एकच सूत, एकच माग, मग फरक उरतो तो हाताच्या हुनराचा. लोकांना तेच पाहायचे होते.

बेल्जियममधील झोल्डरची पहिली शर्यत एलिओ दे अँजेलिसने जिंकली, हंगामाचे विजेतेपद निकी लाउडाने. फेरारी आणि रेनॉचे चालक मात्र आले नाहीत. मालिकेचे टायर गुडइयरचे आणि त्यांचे संघ मिशेलिनशी बांधलेले.

आमच्या मते हा मार्ग भरल्या थैलीवाल्याचा आहे. लहान व्यापाऱ्याने सूत देण्याआधीच कारखानदाराची उधारी विचारलेली बरी.

एम 1 ला ग्रुप 4 ची मान्यता मिळेपर्यंत 1980 संपत आले होते. तोवर प्रोकारचा दुसरा आणि शेवटचा हंगाम नेल्सन पिकेने जिंकलाही होता.