आल्प्समधील शेतघरीं आठ दिवस

प्रवासाला निघण्यापूर्वीं आमच्या घरांत दोन गोष्टींचा खल चालला होता. पहिली, परदेशांत उतरावयाचें कोठें. आणि दुसरी, गांवच्या जमिनीच्या वाटणीच्या कागदांवर दादांनीं निघण्यापूर्वीं सही करावी कीं परत आल्यावर. दुसरीचा निकाल लागला नाहीं, व ते कागद दादांच्या पेटींतून आमच्याबरोबर युरोपांत आले. पहिलीचा निकाल वहिनींनीं एका वाक्यांत लावला : "हॉटेलांत बसूनच डोंगर पाहावयाचे, तर ते चित्रांत पाहिलेले काय वाईट?" त्यामुळें दादा, वहिनी व आम्ही उभयतां असे चौघेजण दक्षिण टायरोलमधील एका शेतकऱ्याच्या घरीं आठ दिवस पाहुणे म्हणून राहिलों.

म्युनिकहून निघालेली आगगाडी इन्सब्रुक मागें टाकून ब्रेनरचा घाट चढूं लागते. हा लोहमार्ग १८६७ सालीं सुरू झाला. सुमारें १३७० मीटर उंचीचा तो घाट ओलांडला कीं इटली लागते. परंतु पलीकडचे लोकही जर्मनच बोलतांना पाहून नवख्या प्रवाशाचा गोंधळ उडतो. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या तहानें हा ऑस्ट्रियाचा मुलूख इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या अमदानींत शाळांतून जर्मन भाषेची हकालपट्टी झाली, तेव्हां खेड्यापाड्यांतून मुलांना ती चोरून शिकविली जाई. १९३९ मध्यें तर, जर्मनींत निघून जा किंवा येथें इटालियन होऊन राहा, असा पेंच लोकांपुढें टाकण्यांत आला आणि त्यापायीं सख्ख्या भावांत वितुष्टें आलीं. १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर परिस्थिति बरीच निवळली. २०११ च्या शिरगणतींत सुमारें सत्तर टक्के लोक जर्मनभाषी गटाचे म्हणून नोंदले गेले.

ब्रिक्सेन स्टेशनावर उतरून आम्ही बसनें विल्न्यॉसच्या खोऱ्यांत गेलों. खोऱ्याच्या शेवटीं गाइस्लर नांवाचीं शिखरें करवतीच्या दात्यांसारखीं उभीं आहेत. त्यांचें वर्णन करण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. सायंकाळीं त्या पांढुरक्या खडकावर गुलाबी छटा चढते तेव्हां बोलकीं माणसेंही गप्प होतात, एवढेंच सांगतों. डोलोमाइट पर्वतांचा हा प्रदेश २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशांत गणला जातो.

शेतघरीं पाहुणे ठेवण्याला इटलींत १९८५ सालीं प्रथम कायद्याची चौकट मिळाली. त्यांतील मुख्य अट आम्हांला फार आवडली : शेती हा मूळ धंदा राहिला पाहिजे, पाहुणे हा जोडधंदा. दक्षिण टायरोलमध्यें शेतकऱ्यांच्या संघटनेनें अशा घरांना 'लाल कोंबडा' हें एक चिन्ह दिलें आहे, आणि हॉटेलांना जसे तारे देतात तशीं या घरांना दर्जाप्रमाणें फुलें देतात. आमचें घर तीन फुलांचें होतें. तीं कोणत्या हिशेबानें मिळालीं याचा शोध आम्हीं केला नाहीं. पण खिडक्यांतील जिरेनियमचीं फुलें मोजली असतीं तर तीनशें सहज भरलीं असतीं.

खालीं दगडी भिंती, वर काळवंडलेलें लांकूडकाम, शेजारीं गोठा व त्यावर गवताचा माळा, अशी घराची ठेवण. आंत 'श्टूबे' नांवाची लांकडानें मढविलेली एक खोली असते. तिच्या कोपऱ्यांत भिंतीसारखी भली मोठी शेगडी, आणि भोंवतीं बसण्यास बाक. जाळ घालावयाचा तो स्वयंपाकघराच्या बाजूनें, म्हणजे खोलींत धूर नाहीं, राख नाहीं. पूर्वीं हिंवाळ्यांत सारें घर याच एका खोलींत जेवे, सूत काती आणि भांडेही. वहिनींनीं त्या शेगडीची रचना दोनदां वाकून पाहिली.

पहिल्या दिवशीं न्याहारीस धुरावलेल्या डुकराच्या मांसाची थाळी पुढें आली. आम्हीं हात जोडतांच घरधनिणीनें ती निमूटपणें उचलली आणि त्या जागीं लोणी, दहीं व रानफळांचा मुरंबा आणून ठेवला. बरोबर राय नांवाच्या धान्याची एक पातळ, कडकडीत भाकरी होती. तिला 'शुट्टेलब्रोट' म्हणतात. कणीक फळीवर हालवून हालवून ती पातळ करतात, व एकदां भाजली कीं ती पुष्कळ दिवस टिकते. पहिला तुकडा तोंडांत घालतांच वहिनी म्हणाल्या, "हिच्यांत मेथी आहे!" धनिणीनें परसांतील एक निळ्या फुलांचें रोप आणून दाखविलें. तें आपल्या मेथीचेंच भावंड निघालें. आषाढी एकादशीही तेथेंच आली. तिचें कारण समजावून सांगतां सांगतां दादांचें इंग्रजी संपलें. पण उकडलेले बटाटे, ताजें दहीं आणि चेरीची टोपली वेळेवर आली.

पांचव्या दिवशीं गवताची घाई सुरू झाली. उतार इतका उभा, कीं यंत्र जेथें पोंचत नाहीं तेथें अद्याप विळाच चालवावा लागतो. कापलेलें गवत वाळून माळ्यावर जाण्यापूर्वीं पावसानें गांठलें, तर गुरांची हिंवाळ्याची वैरण बिघडते. दुपारीं ढग दिसूं लागतांच बोत्सेन शहरांतून धनिणीचा थोरला भाऊ मोटारीनें आला, कोट काढून खुंटीला लावला आणि सरळ उतारावर गेला. आम्हींही दांताळीं घेतलीं. आमच्या हातून काम किती झालें तें न विचारणें बरें. पण शेवटचा भारा आंत गेला आणि सरी कोसळली.

रात्रीं श्टूबेंत बसलों असतां दादांनीं विचारलें, "थोरले तुम्ही, मग घर बहिणीकडे कसें?" तेव्हां जें ऐकलें तें आमच्या वाचकांना सांगण्यासाठींच हा लेख लिहिण्यास आम्ही बसलों.

या प्रांतांत 'बंद वाडा' म्हणतां येईल अशी एक जुनी चाल आहे. शेत, घर, गोठा मिळून एक अखंड वस्तु. तिचे तुकडे होत नाहींत, ती एकाच वारसाकडे जाते. टायरोलमध्यें १९०० सालीं तिचा कायदा झाला, इटलीनें १९२९ मध्यें तो रद्द केला, आणि १९५४ मध्यें प्रांतानें तो पुन्हां आणला. पूर्वीं मुलाला अग्रहक्क असे; २००१ च्या कायद्यानें तो काढून टाकला, व शेतावर प्रत्यक्ष राबणाऱ्याला महत्त्व दिलें. इतरांना पैशांत हिस्सा मिळतो, पण तो बाजारभावानें नव्हे, शेताच्या उत्पन्नावरून ठरविलेल्या मोलानें. म्हणून तो बेताचाच असतो. मात्र वारसानें ठराविक वर्षांच्या आंत शेत विकलें, तर भावंडांना त्यांत वाटा द्यावा लागतो. दोनशें वर्षें एकाच कुळांत राहिलेल्या शेताला सन्मानाची पदवी मिळते.

ऐकावयास हें गोड वाटतें. पण हिस्सा सोडणाऱ्यांचे हाल पूर्वीं थोडे नव्हते. कित्येकजण भावाच्याच घरीं जन्मभर गडी म्हणून अविवाहित राहिले. उलट, याच प्रांताच्या पश्चिमेस फिन्श्गाउ खोऱ्यांत जमीन वांटून घेण्याची रीत होती. तेथें तुकडे इतके झाले, कीं गरीब घरचीं लहान मुलें दर वसंतांत डोंगर ओलांडून जर्मनीच्या श्वाबेन भागांत गुरें राखावयास जात. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हें चाललें होतें.

"तुम्हांला वाईट वाटलें नाहीं?" दादांनीं विचारलें.

"वाटलें तर," भाऊ म्हणाला. "दोन वर्षें मी इकडे फिरकलों नाहीं. तिसऱ्या उन्हाळ्यांत आईनें निरोप धाडला, पाऊस येतो आहे म्हणून."

शेगडीजवळ बसलेल्या म्हाताऱ्या आजीबाईंनीं कांहींतरी विचारलें. त्यांची बोली आम्हांला कळेना. मुलीनें अर्थ सांगितला. तुमच्याकडे जमीन कोणाला जाते? दादा म्हणाले, "सर्वांना." महाराष्ट्रांत १९९४ पासून, आणि पुढें २००५ पासून साऱ्या देशांत मुलींनाही वडिलार्जित मिळकतींत जन्मतः बरोबरीचा हक्क मिळाला, हें त्यांनीं थोड्या अभिमानानेंच सांगितलें, व तो अभिमान आम्हांलाही योग्य वाटतो. आजीबाईंनीं मान डोलावली आणि पुन्हां विचारलें, "आणि राबतो कोण?"

यावर कोणीं बोललें नाहीं. आमच्या कोंकणांतल्या चार एकरांच्या उताऱ्यावर सतरा नांवें आहेत. त्यांपैकीं गांवीं राहतो तो एकटा चुलतभाऊ बापू, आणि वाटणीचा आग्रह धरणाऱ्यांत सर्वांत पुढें होतों आम्ही शहरवाले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे, हें दादांनींच आम्हांला पूर्वीं एकदां समजावून दिलें होतें.

निघतांना धनिणीनें वहिनींच्या हातीं त्या मेथीच्या भावंडाचें बी कागदाच्या पुडींत बांधून दिलें. परतीच्या गाडींत ब्रेनर येण्यापूर्वीं दादांनीं पेटी उघडून कागद काढले, सहीच्या जागेवर थोडा वेळ बोट ठेवलें, आणि ते तसेच घडी करून ठेवून दिले. मग त्यांनीं आमच्याकडून फोन मागून घेतला आणि बापूला लावला. सहा महिन्यांत दोघांचें बोलणें झालें नव्हतें. दादांनीं पहिला प्रश्न पावसाचाच केला.