शंभर गुणसूत्रांवरचे दिवे

महाडजवळ काळ नदीत वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथला महसीर देवाचा मासा मानला जातो, त्याला कुणी गळ टाकत नाही. हाच मासा पुण्याच्या मुळा-मुठेत पाहून साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याला ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव दिले. हिमालयाच्या नद्यांत त्याचा भाऊबंद राहतो, सोनेरी महसीर, म्हणजेच ‘पुटिटोरा’. दोघांच्याही पेशीत गुणसूत्रे शंभरच. मग फरक कुठे शोधायचा?

इथे रायबोसोमची जनुके कामी येतात. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनांचा कारखाना. त्याला मागणी फार, म्हणून त्याच्या जनुकांच्या अनेक प्रती ठरावीक गुणसूत्रांवर गठ्ठ्याने असतात. हे गठ्ठे कुठे आहेत ते पाहण्यासाठी पेशी विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवून काचेवर पसरतात. त्यावर चमकता रंग लावलेला, जनुकाशी जुळणारा डीएनएचा तुकडा सोडतात. तो आपली जोडी हुडकून तिथेच चिकटतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिव्यासारखा उजळतो. या पद्धतीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चारही, गंमत म्हणजे, ‘फिश’ असाच होतो!

लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. ‘१८ एस’ या जनुकाचे दिवे खुद्रीत सहा दिसले, पुटिटोरात दहा. ‘५ एस’ या दुसऱ्या जनुकाचे मात्र दोघांत दोनच. आणखी एक नवल. चांदीच्या क्षाराने रंगवले, की फक्त काम करणारे गठ्ठे काळे उमटतात. खुद्रीत ते चारच उमटले, पुटिटोरात आठ. म्हणजे दोघांतही एकेक जोडी असून मुकी आहे.

हे मोजायचे कशासाठी? लोणावळ्याच्या वळवण केंद्रात पैदास झालेली खुद्रीची पिल्ले दूर कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता. पण पाहुणा तिथे फोफावला आणि तिथला मूळचा कुबडाचा महसीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. कोणत्या नदीत कोणते बीज सोडायचे, हे मासा नीट ओळखल्याशिवाय ठरवता येत नाही. हे दिवे एकटे पुरत नाहीत. महानदीच्या महसीरातही खुद्रीसारखेच सहा आहेत. बाह्य खुणा आणि डीएनएचा क्रम यांचीही जोड लागते.

वाळण कोंडीच्या लोकांनी श्रद्धेने मासा राखला. त्याच्या जोडीला आता ही ओळखही हवी.