लक्ष्मीची मोजदाद

‘लक्ष्मी’ हा शब्द किती अक्षरांचा, असे प्राथमिक शाळेतल्या मुलास विचारले, तर ते क्षणाचाही विलंब न लावता ‘दोन’ म्हणेल. परंतु हाच प्रश्न संगणकास केला, तर उत्तर देणारा कारकून कोणत्या दफ्तरातला, यावर आकडा ठरतो. युनिकोडच्या लेखी ल, क, ष, म, दोन हलन्तचिन्हे आणि एक वेलांटी अशी सात चिन्हे होतात, आणि जावा व पायथन या भाषा सातच सांगतात. गो आणि रस्ट मात्र बाइट मोजतात, आणि केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली सिद्ध केलेल्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागत असल्याने त्यांची बेरीज २१ भरते.

आता ओरॅकलच्या माहिती-कोठारात नावासाठी २० जागांचा रकाना आखला आहे असे समजा. निराळा हुकूम दिलेला नसेल, तर तेथे २० म्हणजे २० बाइट. जावातील आज्ञावली सात चिन्हे मोजून अर्ज खुशाल पुढे धाडते, आणि एका बाइटाच्या आधिक्यापायी लक्ष्मीबाई उंबऱ्यावरून परततात. रोमन लिपीतली एलिझाबेथ मात्र नऊ बाइटांत आत जाऊन बसलेली असते.

मायएसक्यूएल या दुसऱ्या कोठाराची कथा याहून विलक्षण, कारण तेथे दोष नावातच होता. ‘युटीएफ-८’ म्हणून त्याने जे रुजू केले, ते चिन्हामागे तीनच बाइट देई. देवनागरीचे त्यात निभावले. परंतु पेशवे दफ्तरातील रुमालच्या रुमाल जिच्यात लिहिले गेले, त्या मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते चार बाइटांच्या वस्तीत. पूर्वीच्या सैल व्यवस्थेत असे अक्षर आले, की तेथून पुढचा सारा मजकूर छाटला जाई आणि केवळ एक ताकीद नोंदवली जाई, जी सहसा कोणी वाचीत नसे. चार बाइटांचा खरा संच २०१० साली आला, तोही ‘युटीएफ-८-एमबी-४’ या निराळ्या नावाने. आणि मूळ नियम म्हणून त्याची नेमणूक व्हायला २०१८ उजाडले.

एवढ्याने मोडीची वाट निर्वेध झाली असेही नाही. जावा १६ बिटांच्या घरांत अक्षरे ठेवते, त्यामुळे मोडीचा एकटा ‘क’ तिच्या हिशेबी दोन भरतो. आणि बेसावध आज्ञावलीने तो मधोमध कापला, तर जे अर्धुक हाती उरते, ते कोणत्याच लिपीतले नसते.