मनगटावरचा वैद्य

माझे वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. संध्याकाळी खुर्चीत वर्तमानपत्र वाचीत बसले होते, ते वर्तमानपत्र तसेच हातात राहिले. मी नुकतीच शेहेचाळीस पुरी केली आहेत. हे आधीच सांगून टाकतो. कारण मराठी शिकवणाऱ्या माणसाने पोहणे, सायकल आणि धावणे असा तिहेरी उद्योग अंगावर घेतला म्हणजे लोक हसतात, आणि त्यासाठी पंचवीस हजारांचे घड्याळ घेतले म्हणजे घरचेही हसतात.

या उद्योगाला ट्रायथलॉन म्हणतात. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पंधरा जणांनी एकाच दिवशी ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर धावणे असा घाट घातला. बारा जण शेवटपर्यंत पोहोचले. २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तो बेताच्या अंतरांनी: दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर. माझी मजल त्याच्याही निम्मी. डॉक्टरांनी पट्ट्यावर पळवून, हृदयाचा आलेख काढून परवानगी दिली, तेव्हा कुठे सौ.ने मान हलवली. "घड्याळ घ्या," ती म्हणाली, "पण शर्यतीसाठी नको, नाडीसाठी घ्या."

दुकानात गेलो तो माझा एक जुना विद्यार्थी बरोबर होता. वर्गात तो कधी बोलला नव्हता. इथे त्याने मलाच शिकवले. "सर, आधी बटणं आहेत का बघा. ओल्या बोटांनी नुसती काच दाबून काही होत नाही." पाण्याबाहेर आल्यावर एकच बटण दाबून पोहण्यावरून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर जाता आले पाहिजे, मधे कपडे-बूट बदलायला लागलेला वेळही घड्याळाने वेगळा मोजला पाहिजे. छातीला बांधायचा पट्टा त्याला जोडता आला पाहिजे. बॅटरी किती दिवस चालते हे खोक्यावर छापलेले असते, पण उपग्रहांशी बोलणे चालू असताना ती किती तास टिकते ते विचारावे. गाणी आणि पैसे देण्याची सोय यांची मला गरज नव्हती. माझे घड्याळ कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही. मात्र एक गोष्ट व्याकरणाच्या मास्तराला सांगितल्यावाचून राहवत नाही: गार्मिन हे नाव गॅरी आणि मिन या दोन संस्थापकांच्या नावांतून झाले आहे. चक्क द्वंद्व समास!

पहिल्याच आठवड्यात मी पोहण्याच्या तलावात दोन किलोमीटर पोहलो आणि घरी आल्यावर विजयाने ते जाहीर केले. हिने चहा गाळता गाळता विचारले, "अहो, काल एक होतं ना?" मग लक्षात आले, की तलाव २५ मीटरचा आणि मी घड्याळात ५० मीटर लावून ठेवले होते. छत असलेल्या तलावात उपग्रहांचा काही उपयोग नसतो. घड्याळ हाताच्या हालचालीवरून फेऱ्या ओळखते आणि आपण सांगितलेल्या लांबीने गुणते. फळी धरून नुसते पाय मारले, तर आपण पोहतो आहोत हे त्याला कळतसुद्धा नाही.

राजाराम तलावात उघड्यावर पोहताना वेगळीच गंमत. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून खुणा पाठवतात, पण त्या पाण्यात शिरत नाहीत. हात पाण्याबाहेर येईल तेवढ्या क्षणापुरते घड्याळाला आकाश दिसते. त्यामुळे मी सरळ पोहलेली रेघ नकाशावर मुंगीच्या वाटेसारखी उमटली. महाद्वार रोडवर तर नकाशाप्रमाणे मी दुकानांच्या भिंतींतून आरपार धावलो होतो. उंच भिंतींवर आपटून आलेल्या खुणांनी घड्याळ फसते. निदान चार उपग्रह सापडेपर्यंत उघड्यावर उभे राहावे आणि मगच बटण दाबावे, एवढे मी शिकलो. या चुकांचे हसू येई. पुढची गोष्ट मात्र हसण्याची नव्हती.

श्रावणातल्या एका सकाळी रंकाळ्याच्या काठाने धावत होतो. हवा गार, दम अजिबात लागलेला नाही. सहज मनगटाकडे पाहिले, तर नाडी १७६! घड्याळाने २२० मधून वय वजा करून माझी कमाल मर्यादा १७४ ठरवली होती. आकडा तांबडा झाला होता. मी कठड्यावर बसलो. डोळ्यांपुढे ती खुर्ची आणि ते वर्तमानपत्र आले. घरी फोन केला. काय बोललो ते आठवत नाही. ही आठ मिनिटांत स्कूटरवरून आली. तिने काही न विचारता माझे मनगट धरले आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे पाहात मोजू लागली. ते वडिलांचे चावीचे एचएमटी होते. मी फोनवर 'नाडी' म्हणालो, म्हणून कपाटातून काढून वाटेतच चावी देत आणले होते.

"शहाण्णव," ती म्हणाली. माझे घड्याळ आता अठ्ठ्याण्णव दाखवत होते.

त्याच दिवशी डॉक्टरांनी पुन्हा आलेख काढला. काही निघाले नाही. उलगडा विद्यार्थ्याने केला. घड्याळाच्या पाठीतला हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी पाहतो. पट्टा सैल असला आणि हात लयीत हलत असला, की कधी कधी ते रक्ताची लय सोडून पावलांची लय पकडते. त्या सकाळच्या नोंदीत मिनिटाला पावले १७६ होती. शिवाय २२० वजा वय हा ढोबळ हिशेब; माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

माझा विश्वास बसेना. पुढच्या रविवारी ही एचएमटी घेऊन रंकाळ्यावर उभी राहिली. मी धावत आलो, थांबलो, तिने बोटे टेकवली. पंधरा सेकंदांत ३४, म्हणजे मिनिटाला १३६. थांबण्यापूर्वी घड्याळ १७२ सांगत होते. त्याच संध्याकाळी छातीचा पट्टा आणला. तो हृदयाच्या विजेवर चालतो, पावलांवर नाही. मनगटाचा पट्टाही एक भोक घट्ट केला आणि हाडापासून बोटभर वर सरकवला.

स्पर्धा हिवाळ्यात आहे. एचएमटी आता कपाटात जात नाही, स्वयंपाकघरात चहाच्या डब्याजवळ असते. रोज पहाटे मी बुटांचे बंद बांधायच्या आधी ही माझे मनगट पुढे ओढते. आज माझे घड्याळ म्हणाले पंचावन्न.

"छप्पन्न," ही म्हणाली, आणि दूध तापवायला वळली.