गाडी लागण्याची गोळी वेगळी, चक्कर येण्याची वेगळी

कापडाचा धंदा म्हणजे फिरती आलीच. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत ही नावे आमच्या वहीत रोजची आहेत आणि तिकडे जाणाऱ्या वाटांवर कसारा, आंबा, सापुतारा असे घाट आहेत. ज्यांना गाडी लागते ते केमिस्टकडून एखादी गोळी घेऊन खिशात टाकतात. दुसरीकडे पन्नाशी ओलांडलेली मंडळी गादीवर बसल्या बसल्या गरगरते म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहतात. दुकानात मात्र दोन्हींना 'चक्करची गोळी' हे एकच नाव आहे. ताग्याचा काउंट तपासल्याशिवाय सौदा न करणारा आपला व्यापारी गोळ्यांच्या पट्टीवरची अक्षरे वाचत नाही. म्हणून ही माहिती देत आहोत.

गाडी का लागते?

शरीराचा तोल सांभाळणारे यंत्र कानाच्या आतल्या भागात असते. तेथे पातळ द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. डोके हलले की हा द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. घाटात बसमध्ये बसून आपण बिजक वाचू लागलो की डोळे सांगतात, कागद स्थिर आहे. कान सांगतो, शरीर वळणे घेत आहे. दोन हिशेब जुळत नाहीत. मग तोंडाला पाणी सुटते, घाम येतो, मळमळते आणि उलटी होते. चालकाला गाडी क्वचितच लागते, कारण पुढचे वळण त्याला आधीच दिसत असते. म्हणून पुढच्या बाजूला बसणे, नजर दूरच्या रस्त्यावर ठेवणे, वाचन टाळणे आणि हलके खाऊन निघणे हा बिनपैशाचा पहिला इलाज आहे.

प्रवासाच्या गोळ्या

या गोळ्यांपैकी बहुतेक मुळात सर्दी-खाज यांवरच्या औषधांच्या जातीच्या आहेत. डायमेनहायड्रिनेट हे औषध अमेरिकेत अॅलर्जीसाठी तपासले जात होते. एका स्त्रीला ते घेतल्यावर ट्राममध्ये होणारा त्रास थांबला, तेव्हा डॉक्टरांचे लक्ष गेले. पुढे सैनिकांच्या जहाजावर त्याची चाचणी झाली आणि १९४९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे अव्होमिन नावाने मिळणारी गोळी म्हणजे २५ मिलिग्रॅम प्रोमेथाझिन थिओक्लेट. ती निघण्यापूर्वी एक-दोन तास आधी घ्यायची असते. सिनारिझिनही सुमारे दोन तास आधी, तर डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधी. पोट ढवळू लागल्यावर गोळी घेऊन फारसा उपयोग नाही. तेव्हा जठराचे काम मंदावलेले असते आणि गोळी रक्तात पोहोचण्याआधीच उलटीतून बाहेर पडते. पोट बिघडल्यावर किंवा ऑपरेशननंतर उलट्या थांबवणारी ऑन्डान्सेट्रॉन ही गोळी गाडी लागण्यावर काम करीत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या सर्व गोळ्यांची एक किंमत आहे: झोप. अव्होमिनची सुस्ती दुसऱ्या दिवशीपर्यंत राहू शकते. गोळी घेऊन टेंपो किंवा मोटारसायकल चालवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्यालाही तोच धोका. काचबिंदू असलेल्यांनी आणि प्रोस्टेटमुळे लघवी अडणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या घेऊ नयेत. दोन वर्षांखालील मुलाला प्रोमेथाझिन कदापि देऊ नये, त्याने श्वास मंदावू शकतो.

चक्कर म्हणजे नेमके काय?

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे वेगळे आणि घर फिरल्यासारखे वाटणे वेगळे. पहिल्यात रक्तदाब, साखर, अशक्तपणा पाहावा लागतो. दुसऱ्यात बहुधा कानाचा दोष असतो. कूस बदलली की काही सेकंद सगळे गरगरते, ही तक्रार सर्वांत जास्त आढळते. कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागा सोडून नळीत शिरल्याने असे होते. गोळीने कण जागेवर जात नाहीत. डॉक्टर रुग्णाला निजवून डोके ठरावीक क्रमाने वळवतात आणि कण परत बसवतात. डॉक्टर जॉन एप्ली यांची ही रीत मिनिटांची आहे आणि पुष्कळांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. वर्षभर गोळ्यांवर खर्च करणाऱ्याने हे आधी विचारावे.

व्हर्टिन या नावाने विकली जाते ती बीटाहिस्टिन. कानात आवाज, बहिरेपणा आणि चक्कर एकत्र असलेल्या मेनियर आजारात ती देतात. ती झोप फारशी आणत नाही, पण दमा किंवा पोटात अल्सर असेल तर जपून घ्यावी. जर्मनीत २२१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. तरीही तिचा खप मोठा आहे.

स्टेमेटिल म्हणजे प्रोक्लोरपेराझिन. अचानक जोराची चक्कर आणि उलट्या असतील तर ती दोन-तीन दिवस उपयोगी. जास्त दिवस घेतली तर मेंदू स्वतः तोल सावरायला शिकतो ते काम लांबते. महिनोन्‌महिने घेतल्यास वृद्धांत हात थरथरणे, चाल मंदावणे असे कंपवातासारखे विकार दिसतात. सिनारिझिनबाबतही तोच इशारा आहे. घरातल्या बुजुर्गांचा हात थरथरू लागला, तर वयाला दोष देण्याआधी त्यांच्या गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवा.

शिक्का नव्हे, सूत पाहा

एकाच काउंटचे सूत, एकच वीण, पण ताग्यावर दहा शिक्के, हे आपण रोज पाहतो. औषधातही तसेच आहे. मोठ्या अक्षरातले नाव कंपनीचे, त्याखालचे बारीक नाव खऱ्या औषधाचे. सिनारिझिन आणि डायमेनहायड्रिनेट एकाच गोळीत असलेले मालही बाजारात आहेत. त्यावर अव्होमिन घेतली की गुंगी दुप्पट. बारीक नाव माहीत असेल तर २००८ पासून सुरू असलेल्या जनऔषधी दुकानांत तेच औषध मिळते का, तेही विचारता येते. पट्टीवरची मुदत पाहा आणि बिल घ्या.

शेवटी एक एहतियात. चक्कर येताना जीभ अडखळली, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले किंवा उभेच राहता येईना, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. अशा वेळी गोळी देऊन माणसाला पेढीत निजवू नका. गल्ला तसाच सोडा, शटर उघडे राहिले तरी चालेल, पण त्याला ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्या.