भीमाकाठची आरोग्यशाळा

शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक महाराष्ट्राला ठाऊक आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाहून आत वळणाऱ्या गाड्या बहुतेक तिकडेच निघालेल्या असतात. याच गावात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण रुग्णालय आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत या रुग्णालयाच्या आधाराने खेड्यातल्या बायाबापड्यांना आरोग्य शिकवण्याचा जो उद्योग झाला, त्याची चौकशी करायला मात्र कोणी मुद्दाम वळत नाही.

हे काम डॉ. बानू कोयाजींनी उभं केलं. १९४४ मध्ये त्या केईएममध्ये आल्या तेव्हा ते बाळंतपणाचं छोटंसं रुग्णालय होतं. त्यांनी ते वाढवत नेलं. पण शहरात कितीही खाटा वाढवल्या तरी खेड्यातली अडलेली बाळंतीण बैलगाडीतून, मग एसटीतून तिथे पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा. १९७२ मध्ये त्यांनी वढूला ग्रामीण प्रकल्प सुरू केला. ते वर्ष दुष्काळाचं. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग तेव्हा खडी फोडत होता, आणि अशा वेळी आरोग्य म्हणजे आधी पाणी, मग धान्य, मग औषध, हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

डॉक्टर खेड्यात टिकत नाही, हे रडगाणं तेव्हाही होतं. कोयाजींनी त्यावर रडण्याऐवजी गावातलीच माणसं निवडली आणि त्यांना शिकवलं. १९७७ पर्यंत आरोग्य कार्यकर्त्यांची फळी उभी राहिली होती: स्वच्छता, पिण्याचं पाणी, साधी औषधं. १९८८ मध्ये त्यांनी तरुण मुलींसाठी वेगळा प्रकल्प काढला. आरोग्याबरोबर लैंगिक शिक्षण, साक्षरता, चार पैसे मिळवून देणारी कौशल्यं असं सगळं त्यात होतं. मुलींशी पाळीबद्दल मोकळेपणाने बोलणं आजही अनेक शाळांना अवघड जातं, हे लक्षात घेतलं की १९८८ हे साल किती लवकरचं होतं ते कळतं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गावच्या माणसाला आरोग्य शिकवायचं ही कल्पना तेव्हा हवेतच होती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू करून गावातल्या बायकांना तयार केलं होतं. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारनेही देशभर तशीच योजना काढली: तीन महिने प्रशिक्षण, त्या काळात महिना २०० रुपये विद्यावेतन, पुढे महिना ५० रुपये मानधन. योजनेचं नाव पाच वर्षांत दोनदा बदललं आणि ती हळूहळू विरून गेली. निवडलेले बहुतेक पुरुष होते, आणि बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला कोण येऊ देणार? पण माझ्या मते खरी अडचण त्याहून साधी होती. तीन महिने शिकवून माणसाला गावात सोडून दिलं, की तो शिकलेलं विसरतो किंवा सुया टोचत सुटतो. वढू-जामखेडसारख्या ठिकाणी शिकवणाऱ्याशी नातं तुटत नव्हतं. गावातल्या बाईने पाठवलेला रुग्ण पुढे कुठे जाणार, याचं उत्तर देणारं रुग्णालय पाठीशी होतं. तिचा शब्द तिथे मानला जातो हे गावाने दोनदा पाहिलं, की तिसऱ्यांदा गाव स्वतःहून तिच्याकडे जातं.

या शिक्षणात शिकायचं तरी काय असतं? आज आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतली गावची आरोग्य कार्यकर्ती, जे करते त्यातली एकच गोष्ट घेऊ: बाळाचे श्वास मोजणं. बाळ शांत असायला हवं. ते रडत असेल किंवा पीत असेल तर थांबायचं. अंगावरचा कपडा वर करून पोटाची हालचाल बघायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त म्हणजे धोका. वर्षाच्या आत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. न्यूमोनिया ओळखायला आठवी शिकलेल्या बाईच्या हाती एवढं पुरतं, आणि हे आकडे नुसते पाठ असून चालत नाही. सासू दारात उभी आहे, चुलीवर दूध आहे, टीव्ही चालू आहे, अशा घरात ते एक मिनिट मिळवणं हा त्यातला अवघड भाग. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन दाखवली. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यातूनच आशाच्या ठरलेल्या भेटी आल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते.

वढूला २००२ पासून आणखी एक गोष्ट जमली. शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांत घरोघर फिरून जन्म, मृत्यू, आलेले, गेलेले यांची कायमची नोंद ठेवायला सुरुवात झाली. वहीतलं हे काम वरवर रटाळ. पण एखादी लस खरंच उपयोगी आहे का हे तपासायचं तर आधी कोणत्या घरात केव्हा मूल जन्मलं ते माहीत हवं. रोटाव्हॅक या भारतीय लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याकडे वढू अशा ठिकाणी झाली. एकूण ६,७९९ बाळं त्यात होती. तीनपैकी दोघांना लस, एकाला लशीसारखंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी, आणि कोणाला काय मिळालं ते डॉक्टरलाही माहीत नाही. हे मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या आईला समजावून सांगायचं आणि मग तिची सही किंवा अंगठा घ्यायचा! आरोग्यशिक्षणाची याहून कडक परीक्षा मला सुचत नाही. लशीमुळे पहिल्या वर्षातले रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब निम्म्याहून अधिक कमी झाले.

भीमा ओलांडून दौंड तालुक्यात गेलं की ही परंपरा आणखी मागे जाते. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बायका आणि मुली तिथे हातमाग, शेती, छपाई शिकल्या. याच रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं होतं, आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला त्या अमेरिकेत हजर होत्या. दौंडच्या शिवेला लागून हवेलीत उरुळी कांचन. १९४६ मध्ये गांधीजी तिथे आले, मातीच्या पट्ट्या आणि कटिस्नान सांगून गेले, आणि हे काम चालवायला मागे मणिभाई देसाईंना ठेवून गेले. निसर्गोपचाराच्या सगळ्याच दाव्यांवर माझा विश्वास नाही. पण रोग्याने बरं होऊन जाताना आपलं पथ्य स्वतः शिकून जावं, हा तिथला आग्रह मला पटतो.

आता शिरूरचा अभ्यासक्रमच बदलला आहे. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडीला कारखाने आले. तीन पाळ्या, भाड्याच्या खोल्या, वडापाव, आणि तिशीतच रक्तदाब. २०१८ पासून उपकेंद्रांची ‘आरोग्य आणि निरामयता केंद्रं’ होऊ लागली. आता त्यांचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा लागतो. आशाताईकडे तिशीवरच्या प्रत्येकासाठी एक फॉर्म आला: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम होतो का, घरात कोणाला साखर-बीपी आहे का. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं. कमरेचा घेर मोजायला गावच्या पाटलांभोवती टेप कसा गुंडाळायचा, हे प्रशिक्षण पुस्तिकेत कुठे लिहिलेलं नसतं. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायामाचा प्रश्न विचारताना काय चेहरा करायचा, तेही नाही.

हे शिकलेलं कुठे जमा होतं, हा प्रश्न उरतो. कम्युनिटी कॉलेजची कल्पना भारतात १९९५ मध्ये पाँडिचेरीत आली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही योजना केली. विचार असा की शाळा सुटलेल्या, कामावर असलेल्या माणसाने थोडं थोडं शिकावं, त्याचे गुण साठावेत, प्रमाणपत्रावरून पदविका, पदविकेवरून पदवी असं वर चढता यावं. आशासाठी राष्ट्रीय मुक्त शाळेची प्रमाणपत्र परीक्षा आहे. पण तिथून वरची पायरी म्हणजे नर्सबाईचा, एएनएमचा अभ्यासक्रम. त्याला बारावी हवी, पूर्ण दोन वर्षं हवीत, आणि प्रवेशाची वयोमर्यादा आहे ३५. आशा मात्र २५ ते ४५ वयातली निवडायची, शक्यतो गावची सून, कारण लेक लग्न होऊन जाते. म्हणजे तिशीत आशा झालेली बाई पाच-सहा वर्षं श्वास मोजून, वजनं करून, अवघड बाळंतपणं वेळेवर पुढे धाडून हाताने तयार होते, तेव्हा नर्सिंग शाळेच्या लेखी तिचं शिकायचं वय उलटून गेलेलं असतं.