१८०२ : वायफाय कार्ड आणि बायोसमधली यादी

जुन्या थिंकपॅडमध्ये नवं वायफाय कार्ड बसवून बटण दाबलं की पुष्कळदा विंडोज किंवा लिनक्स सुरू व्हायची वेळच येत नाही. काळ्या पडद्यावर १८०२ हा आकडा आणि पुढे एक ओळ उमटते : अनधिकृत नेटवर्क कार्ड जोडलेलं आहे, यंत्र बंद करून ते काढा. त्याच काळातल्या एचपीच्या अनेक लॅपटॉपांवर आकडा १०४ असायचा, दटावणी साधारण तीच. कार्ड बिघडलेलं नसतं, खाचेत नीट बसलेलं असतं, अँटेनाच्या तारा जागच्या जागी असतात. फक्त कंपनीने बायोसमध्ये मान्यताप्राप्त कार्डांची एक यादी घालून ठेवलेली असते आणि आपलं कार्ड तिच्यात नसतं. जाणकार या यादीला ‘व्हाइटलिस्ट’ म्हणतात. गेली कित्येक वर्षं मी या यादीच्या मागे लागलो आहे. त्यात जेवढे रविवार गेले तेवढ्यात नवा लॅपटॉप आला असता, असं घरात अधूनमधून ऐकायला मिळतं.

पार्श्वभूमी द्यायलाच हवी म्हणून एका दमात देतो. थिंकपॅड आयबीएमने १९९२ मध्ये आणला, काळ्या पेटीचं रूप रिचर्ड सॅपर या डिझायनरने दिलं आणि २००५ मध्ये आयबीएमचा पीसीचा धंदा चिनी लेनोव्होने विकत घेतला. वायफायचं म्हणाल तर ‘जी’ २००३ चं, ‘एन’ २००९ चं, ‘एसी’ २०१३ चं, आणि सध्या ज्याला वायफाय ६ म्हणतात ते ‘एएक्स’ २०२१ मध्ये प्रमाणित झालं. झाला इतिहास.

माझा लाडका थिंकपॅड एक्स२३० हा २०१२ चा. कंपन्यांनी लॉटमध्ये काढून टाकलेले असे लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बाजारातही पाहायला मिळतात. प्रोसेसर आजही लिहिण्या-वाचण्याला पुरून उरतो, कीबोर्डाला तोड नाही, मेमरी १६ जीबीपर्यंत वाढते. दुखणं वायफायचं. स्वस्त मॉडेलांत रियलटेकचं कार्ड असे, त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळायचं. आजच्या अपार्टमेंटमध्ये त्या पट्ट्यात शेजारपाजारच्या राउटरांची इतकी दाटी असते की घरात फायबर येऊनही व्हिडिओ अडखळतो. वरच्या मॉडेलांत इंटेलचं ६२०५ असे, ते कागदावर ३०० मेगाबिटपर्यंत जातं. त्याच खाचेत बसणारं इंटेलचं ७२६० कार्ड ८६७ पर्यंत जातं. बदलायला वेळ फार लागत नाही : कीबोर्ड आणि तळहाताखालचं झाकण काढायचं, दोन अँटेनांच्या बारीक टोप्या नखाने उचलायच्या, स्क्रू सोडवायचे. मग बटण दाबायचं आणि १८०२ वाचायचं.

आता हे यंत्र कार्डाला ओळखतं कसं? प्रत्येक पीसीआय कार्डाच्या पोटात दोन जोड्या क्रमांक असतात. पहिली जोडी चिप कोणाची आणि कोणती ते सांगते, दुसरी त्या चिपचं हे कार्ड नेमकं कोणत्या आवृत्तीचं ते. इंटेलचा निर्माता क्रमांक ८०८६. हा योगायोग नव्हे. १९७८ साली त्यांनी काढलेल्या प्रोसेसरचं ते नाव, ज्याच्या वंशात आपण आजही नांदतोय, आणि क्रमांक घेताना त्यांनी तेच निवडलं. लेनोव्होचा १७एए, आयबीएमचा १०१४, रियलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. फोन नंबर विसरणाऱ्या मला हे पाठ आहेत. लिनक्समध्ये एका आज्ञेने सगळी वंशावळ पडद्यावर येते आणि ती वाचत बसण्यात मला काय गोडी वाटते हे समजावून सांगण्याचा नाद मी सोडून दिला आहे.

तर बायोस चालू होतानाच दोन्ही जोड्या वाचतो आणि यादीशी ताडून पाहतो. गंमत दुसऱ्या जोडीत आहे. बाजारातून सुटं घेतलेलं इंटेल ६२०५ आणि लेनोव्होचा एफआरयू (म्हणजे सुट्या भागाचा) क्रमांक छापलेलं इंटेल ६२०५, दोन्हींवर चिप तीच आणि रेडिओ तोच. तरी पहिल्याला १८०२ आणि दुसरं बिनबोभाट चालू, कारण उपक्रमांक वेगळा. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन गाडीत कोण बसलंय ते न बघता काचेवरचा स्टिकर बघतो, तसला हा प्रकार.

कंपन्यांचं म्हणणं असं की रेडिओचे नियम आडवे येतात. अमेरिकेत एफसीसीकडून मान्यता घेताना कार्ड आणि अँटेना यांचा एकत्र विचार होतो, कारण किती शक्ती हवेत फेकली जाणार ते दोघांवर ठरतं. भलत्या अँटेनावर भलतं कार्ड बसलं तर मर्यादा ओलांडू शकते. या म्हणण्यात तथ्य आहे, मी ते उडवून लावत नाही. आपल्याकडेही बिनतारी उपकरणांना दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची मान्यता लागते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपण २००५ मध्ये परवानामुक्त केला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये मोकळा झाला, तोही शक्तीच्या मर्यादा घालूनच. पण मग डेलचं काय? त्याच अमेरिकेत, त्याच नियमांखाली डेल लॅपटॉप विकत होती आणि तिच्या यंत्रांत कार्ड बदललं तर कोणी अडवत नव्हतं. पुढे लेनोव्होनेही नव्या थिंकपॅडांतून ही यादी काढून टाकली. नियम होता तिथेच राहिला, यादी गेली. माझं मत यावरूनच बनलं : नियमाच्या आडोशाने आपल्याच शिक्क्याची कार्डं खपवण्याची सोयही यात होती.

यादीला वळसा घालण्याचा इतिहास हा माझा खास आवडता कोपरा. आयबीएमच्या काळात, टी४०च्या पिढीत, तोडगा हास्यास्पद वाटावा इतका सोपा होता. सीमॉस नावाच्या इवल्याशा स्मृतीतल्या ६ए क्रमांकाच्या बाइटचा सर्वांत वरचा बिट १ केला की तपासणी गप्प. कुणीतरी हे हुडकून डॉसवर चालणारा चिमुकला प्रोग्राम लिहिला आणि तो जगभर फिरला. दार लावणाऱ्यानेच किल्ली पायपुसण्याखाली ठेवली होती. ज्यांना तेही नको होतं त्यांनी उलटा मार्ग धरला : अथेरॉसच्या कार्डावर स्वतःची छोटी मेमरी असते, तिच्यात आयबीएमचा उपक्रमांक लिहून टाकायचा. म्हणजे बायोसला हात न लावता कार्डाचंच बारसं करायचं. काही बहाद्दर यंत्र निद्रावस्थेत नेऊन तेवढ्यात कार्ड खुपसत. ते करू नका, खाच आणि कार्ड दोन्ही जळू शकतं.

एक्स२३०च्या वेळेपर्यंत लेनोव्हो शहाणी झाली होती. बायोसवर डिजिटल सही आली, त्यामुळे यादी पुसलेला बायोस कंपनीचा अपडेट प्रोग्राम स्वीकारत नाही. वाटा दोन उरल्या. एक सॉफ्टवेअरची : ‘आयव्हीरेन’ नावाचं मोफत साधन जुन्या बायोसमधल्या सुरक्षेच्या फटींचा फायदा घेऊन लिखाणबंदी उठवतं, मात्र त्यासाठी आधी बायोसची आवृत्ती मागे न्यावी लागते. दुसरी वाट थेट चिपवर जाणारी. एक्स२३०च्या बोर्डावर ८ आणि ४ मेगाबाइटच्या दोन फ्लॅश चिपा आहेत. आठ पायांच्या त्या चिपेला चिमटा लावायचा, तो प्रोग्रामरला जोडायचा आणि आतला मजकूर वाचून घ्यायचा. तपासणीचा निर्णय घेणारी जागा सापडली की तिथल्या काही बाइटांत फेरफार पुरतो.

या प्रोग्रामरसाठी मी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो होतो. सीएच३४१ए नावाचा काळा तुकडा काही शे रुपयांना मिळतो. दुकानदाराने टीव्ही दुरुस्तीसाठी का, एवढंच विचारलं. लॅपटॉपच्या वायफायसाठी म्हटल्यावर त्याने काउंटरवरून एक यूएसबी डोंगल पुढे सरकवला : “काका, हा लावा आणि घरी जा, कशाला उघडाउघडी?” व्यवहार म्हणून तो शंभर टक्के बरोबर बोलला. ती यादी आतल्या खाचेपुरती असते, यूएसबीला लावलेल्या डोंगलला ती विचारतही नाही. ज्याला फक्त काम हवंय त्याने तेच करावं. पण डोंगल पिशवीत अडकून मोडतो, एक पोर्ट खातो, आणि खरं सांगायचं तर १८०२ला उत्तर देण्याची मजा त्यात नाही. त्या काळ्या तुकड्यात मात्र एक खोड आहे. चिप ३.३ व्होल्टची आणि याच्या काही आवृत्त्या सिग्नलच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतात. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय तो बोर्डाला लावू नये. रास्पबेरी पाय हाताशी असेल तर तो जास्त भरवशाचा.

चिपवर लिहिण्याआधी बॅटरी, अडॅप्टर आणि आतला नाण्याएवढा सेलही काढायचा. चिप निदान दोनदा वाचायची आणि दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या तरच पुढे जायचं, मूळ प्रत दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवायची. एवढं धाडस करणार असाल तर कोअरबूटचाही विचार करा. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत १९९९ मध्ये लिनक्सबायोस म्हणून सुरू झालेला हा मुक्त प्रकल्प २००८ पासून कोअरबूट म्हणून ओळखला जातो. तो बसवला की कंपनीचा बायोसच जातो आणि त्याच्यासोबत यादीही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. हा विषय मला तिथे न्यावासा वाटतो. वॉरंटी असेपर्यंत कंपनीने यादी ठेवावी, माझी हरकत नाही. ज्या दिवशी ती त्या मॉडेलचा शेवटचा अपडेट काढते, त्या अपडेटमध्ये यादी काढण्याची सक्ती असावी. खर्च शून्य, आणि हजारो धडधाकट यंत्रं भंगारात जायची वाचतील.

तोवर, कार्ड विकत घेण्याआधी आपल्या मॉडेलचा एफआरयू तपासा, आणि जुनं कार्ड मात्र फेकू नका. कंपनीचा बायोस अपडेट नुसता एकदा चालवला तरी पुसलेली यादी जशीच्या तशी परत येते, आणि मग आतलं वायफाय चालवायला तेच कार्ड लागतं.